निराधारांच्या पगारावर बँकेचा पहिला घास

इगतपुरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आषाढातला महिना कसा जातो हे सांगावे लागत नाही. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भातलावणी उरकली की मजुरी थांबते, आणि म्हाताऱ्या माणसाला तर लावणीलाही कोणी बोलावीत नाही. अशा दिवसांत माझी मावशी बँकेत गेली. रेल्वे लायनीलगतच्या वस्तीत ती एका खोलीत राहते. नवरा स्टेशनावर हमाली करायचा, तो गेला. कसारा घाट चढून आलेल्या गाड्यांत करवंदे-जांभळे विकून तिने दोन पोरी उजवल्या. आता गुडघे चालत नाहीत. तिच्या हातात उरला आहे तो संजय गांधी निराधार योजनेचा महिना दीड हजार रुपयांचा पगार. होय, आमच्याकडे त्याला अनुदान म्हणत नाहीत, पगारच म्हणतात. आणि तेच बरोबर आहे. जन्मभर खपलेल्या माणसाचा तो पगारच आहे.

दोन महिन्यांचे पैसे एकदम जमा झाल्याचे तिला शेजारणीने सांगितले होते. म्हणजे तीन हजार. किराणावाल्याचे बाराशे, औषधाचे पाचशे, छपरावर टाकायच्या ताडपत्रीचे सहाशे, असा हिशेब बोटांवर करून ती खिडकीपाशी उभी राहिली. साहेबांनी सांगितले, "आजी, दोन हजार पाचशे एक्कावन्न आहेत." मावशीला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा विचारले. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "ओ आजी, चला ना पुढे!" ती बाहेर आली. संध्याकाळी पासबुक माझ्यापुढे टाकून म्हणाली, "बघ रे बाबा, माझे साडेचारशे रुपये कोणी नेले?"

मी दुसऱ्या दिवशी पासबुक भरून आणले. चोर सापडला; पण त्याला पकडायचे कोणी? नोंदी इंग्रजीत, त्याही तोडक्या अक्षरांत. खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दरमहा पन्नास रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे एकोणसाठ रुपये. चार महिन्यांचे दोनशे छत्तीस. मोबाईलवर संदेश पाठविल्याचे दोन तिमाहींचे पस्तीस रुपये चाळीस पैसे. एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क जीएसटीसह एकशे सत्त्याहत्तर. एकूण चारशे अठ्ठेचाळीस रुपये चाळीस पैसे. मावशीकडचा मोबाईल दोन वर्षांपूर्वीच बंद पडला आहे, त्यामुळे ते संदेश कोणाला पोहोचले कोण जाणे. आणि एटीएम कार्ड? ते ज्या लिफाफ्यात आले, त्याच लिफाफ्यात रेशनकार्डाबरोबर ठेवलेले आहे. तिला वाटत होते, ते ओळखपत्र आहे.

बँकेचे नाव मी येथे घेत नाही. कारण हा एका शाखेचा किंवा एका साहेबाचा प्रश्न नाही. खिडकीतल्या माणसाने स्वतःच्या खिशात दमडीही टाकलेली नाही. संगणकाने आपोआप कापले, तो आपोआपपणा कोणी ठरविला, हा खरा प्रश्न आहे.

साडेचारशे म्हणजे किती?

ज्यांचा महिना पन्नास-साठ हजारांत चालतो, त्यांना ही रक्कम हॉटेलच्या एका बिलाएवढी वाटेल. पण शासनाचाच नियम पाहा. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार रुपये ठेवलेली आहे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. त्याहून एक रुपया जास्त मिळविणारा शासनाच्या लेखी निराधार नाही. ज्या बाईचे सगळे उत्पन्न शासनाने साडेसतराशेच्या आत असल्याचे कागदोपत्री तपासून घेतले, तलाठ्याचा दाखला घेतला, हयातीचा दाखला घेतला, त्याच बाईच्या खात्यातून बँक एका झटक्यात महिन्याच्या उत्पन्नाचा पाव हिस्सा उचलते. आणि गुन्हा काय? तर तिने खात्यात हजार रुपये शिल्लक ठेवले नाहीत! जिच्याकडे काहीच शिल्लक नाही म्हणून तिला सरकार पैसे देते, तिच्याकडे शिल्लक नाही म्हणून बँक तिला दंड करते. एकाच कारणासाठी एक हात देतो आणि दुसरा हात घेतो.

ही योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. २०१९ पर्यंत महिना सहाशे रुपये मिळत होते. त्या वर्षी हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार झाले. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची तर याहून वाईट दशा. १९९५ मध्ये ते पंच्याहत्तर रुपयांनी सुरू झाले आणि साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा गेली कित्येक वर्षे दोनशे रुपयांवरच गोठलेला आहे. बँकेचे शुल्क मात्र कधी गोठलेले कोणी पाहिले आहे काय? एका बाजूला दोनशे रुपये आणि दुसऱ्या बाजूला एकोणसाठ रुपये महिना, हे गणित मांडले की पैसा कोणाकडून कोणाकडे वाहतो आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

विसरलेले खाते जागे झाले

मावशीच्या बाबतीत घोटाळा कोठे झाला, हे शोधताना जे कळले ते प्रत्येक वाचकाने नीट समजून घ्यावे, कारण हजारो घरांत हेच घडलेले असू शकते.

मावशीचे जुने खाते वेगळे होते. निराधारचा पगार वर्षानुवर्षे त्या खात्यात येत असे. मध्यंतरी गॅसच्या अनुदानासाठी कोणीतरी तिला दुसऱ्या बँकेत नेऊन खाते काढून दिले. साधे बचत खाते, किमान शिल्लक लागणारे. तेथे आधार क्रमांक जोडला गेला. मावशी ते खाते विसरूनही गेली. पण खाते तिला विसरले नाही. त्यात दरमहा दंड चढत राहिला. डिसेंबर २०२४ पासून राज्यातील संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे आधारच्या आधारे जमा होऊ लागले. या पद्धतीत पैसे खाते क्रमांक पाहून जात नाहीत; ज्या बँकेशी तुमचा आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, त्या बँकेत जातात. त्यामुळे पगार जुन्या खात्यात न येता या विसरलेल्या खात्यात पडू लागला. आणि तेथे दंडाची थकबाकी दबा धरून बसलेलीच होती. पुढे एखाद-दुसरा महिना पगार लांबला, खाते रिकामे झाले, की पुन्हा दंड. पगार आला, की पुन्हा कपात.

या संदर्भात रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने, जे १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले, बँकांना बजावले आहे की केवळ किमान शिल्लक नसल्याच्या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवून महिन्याची मुदत द्यावी, आणि जितकी शिल्लक कमी तितक्याच प्रमाणात दंड घ्यावा, असेही त्यात आहे. नियम चांगला आहे. पण त्यातून वाट कशी काढली जाते ते पाहा. खाते उणे दाखवायचे नाही, शून्य दाखवायचे. राहिलेला दंड बाजूला लिहून ठेवायचा. मग खात्यात पैसा पडला की तो आधी वळता करून घ्यायचा. पासबुकात उणे कधीच दिसत नाही, आणि पैसे मात्र जातात. गावचा सावकार दारात येऊन बसायचा, तेव्हा निदान तो दिसत तरी होता.

लाडक्या बहिणीला जो न्याय, तो निराधार आजीला का नाही?

हे सगळे फक्त मावशीचे रडगाणे असते, तर वृत्तपत्राची जागा अडविली नसती. ऑगस्ट २०२४ मध्ये हाच प्रकार साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये बायकांच्या खात्यांवर पडले आणि अनेकींच्या खात्यातून ते किमान शिल्लकेचा दंड, जुनी थकबाकी अशा नावांनी कापले गेले. बायका बँकांपुढे जमल्या, बातम्या आल्या, निवडणूक तोंडावर होती. सरकार तत्परतेने हलले. लाभाच्या रकमेतून कोणतीही कपात करू नये, असे बँकांना सांगण्यात आले. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी तसे जाहीर केले.

याचा अर्थ काय? सरकारच्या मनात आले तर कपात थांबविण्याची सूचना काही दिवसांत निघू शकते. त्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना आयोग. मग हाच न्याय विधवा, अपंग, परित्यक्ता, वृद्ध यांच्या प्रत्येक योजनेला कायमचा आणि लेखी स्वरूपात का लागू करू नये? विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला का नको? रोजगार हमीच्या मजुरीला का नको? मतांच्या हंगामात जी कणव दाटून येते, ती हंगाम सरल्यावरही टिकेल अशी व्यवस्था कागदावर आणणे, हेच शासनाचे काम असते.

भारतीय संविधानाच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्य, आजारपण, अपंगत्व यांत सापडलेल्या नागरिकाला साहाय्य करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदविले आहे. निराधारचा पगार हा कोणा मंत्र्याचा दानधर्म नाही. त्याचे मूळ तेथे आहे. सरकारी तिजोरीतून मावशीच्या नावाने निघालेले तीन हजार रुपये मावशीपर्यंत पोहोचायला हवेत. त्यातले साडेचारशे बँकेने वाटेतच घेतले, तर ते साहाय्य मावशीला झाले की बँकेला?

थेंबे थेंबे तळे कोणाचे?

बँकांचे म्हणणे असते की खाते चालवायला खर्च येतो. येत असेल. पण खर्च भरून काढणे आणि गरिबांवर कमाई करणे यांत फरक आहे. स्टेट बँकेने २०१२ मध्ये बंद केलेला किमान शिल्लकेचा दंड एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा सुरू केला. त्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत या एका नावाखाली १,७७१ कोटी रुपये जमा झाले. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत त्या बँकेला झालेल्या नफ्याहून हा आकडा मोठा होता. देशभर ओरड झाली आणि मार्च २०२० मध्ये बँकेने हा दंड सर्व बचत खात्यांवरून काढून टाकला. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही तेच केले. म्हणजे या दंडावाचून बँक बुडत नाही, हे बँकांनीच सिद्ध केले. तरीही सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत मिळून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये किमान शिल्लकेच्या दंडातून गोळा केले, असे अर्थ मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये संसदेत सांगितले. खासगी बँकांचा हिशेब त्याहून वेगळा.

ज्या खात्यांना किमान शिल्लकेची अटच नाही, तीही सुटली नाहीत. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांनी चिकाटीने अभ्यास करून दाखविले की, जनधनसारख्या मूलभूत खात्यांतून महिन्याला चारपेक्षा जास्त व्यवहार झाले की स्टेट बँक प्रत्येक व्यवहाराला सतरा रुपये सत्तर पैसे कापत होती, मग तो व्यवहार शंभर रुपयांचा यूपीआयचा का असेना. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने १ जानेवारी २०२० पासून घेतलेले असे पैसे परत करण्यास बँकांना सांगितले. सुमारे नव्वद कोटी परत झाले. त्याआधीचे सुमारे १६४ कोटी रुपये बँकेकडेच राहिल्याचे दास यांनी २०२१ मध्ये मांडले. एका प्राध्यापकाने आकडे तपासले म्हणून नव्वद कोटी परत आले. ज्यांचे पैसे होते, त्यांच्यापैकी किती जणांना ते गेल्याचेही ठाऊक होते?

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची थकीत कर्जे आपल्या वहीतून निर्लेखित केली, असेही सरकारनेच संसदेत सांगितलेले आहे. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे मान्य. पण बड्या कर्जदारासाठी न्यायालय आहे, वकील आहे, तडजोड आहे. मावशीच्या एकोणसाठ रुपयांसाठी यांतले काहीही नाही. तिची वसुली तिला विचारण्याच्या आधीच झालेली असते.

उसनवारीचा हक्क कोणाला?

जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा गाजावाजा झाला तो ओव्हरड्राफ्टचा. खात्यात पैसे नसतानाही अडीनडीला पाच हजारांपर्यंत उचलता येतील. २०१८ मध्ये ही मर्यादा दहा हजार झाली. कागदावर उत्तम. पण त्याला वयाची अट पासष्ट वर्षांची. आणि श्रावणबाळ योजनेचा पगार सुरूच होतो पासष्टीनंतर! म्हणजे ज्याला सर्वांत जास्त अडचण, त्याला ही सोय वयानेच बंद. श्रीमंताचे खाते उणे गेले तर ती त्याची पत. गरिबाचे खाते रिकामे झाले तर तो त्याचा गुन्हा. मग मावशी पाऊसकाळात किराणावाल्याकडे वही लिहिते, आणि पगार उशिरा आला की बचत गटाचा हप्ता चुकवते.

हा रोग केवळ आपलाच नाही. इंग्लंडमध्ये सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांची खाती उणे गेली की बँका मनमानी दंड लावीत. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल बँकांच्या बाजूने लागला. पण लोक गप्प बसले नाहीत. अखेर एप्रिल २०२० पासून तेथील नियामक संस्थेने अशा ठोक दंडांवर बंदी घातली. न्यायालयात हरलेला प्रश्न लोकांच्या रेट्याने सुटू शकतो, एवढे त्यातून शिकावे.

आज आपल्या हातात काय आहे?

संताप करून मावशीचे पैसे परत येणार नाहीत. तेव्हा वाचकहो, पुढील गोष्टी आपल्या घरातल्या, वस्तीतल्या, पाड्यावरच्या प्रत्येक निराधार माणसासाठी करा.

पहिली गोष्ट, आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर तपासा. नको त्या बँकेशी असेल, तर हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या. मगच नको असलेले खाते बंद करा.

दुसरी, पगार येणारे खाते साधे बचत खाते असेल तर ते 'मूलभूत बचत ठेव खाते' करून मागा. बँकेच्या भाषेत त्याला 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट' म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०१२ च्या आदेशाने हे खाते देणे प्रत्येक बँकेला बंधनकारक आहे. त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्डाचे शुल्क नाही, आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे फुकट काढता येतात. त्याच बँकेत दुसरे बचत खाते मात्र ठेवता येत नाही. "असे खाते आमच्याकडे नाही" असे कोणी सांगितले, तर तेवढेच वाक्य लिहून द्या म्हणावे.

तिसरी, कापलेले पैसे लेखी मागा. मराठीत लिहा. 'हे शासनाच्या योजनेचे पैसे आहेत, दंडाची पूर्वसूचना मला मिळालेली नाही, रक्कम परत जमा करावी,' एवढी तीन वाक्ये पुरेत. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यावरची रेघ. तीस दिवसांत उत्तर नाही आले किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते. तिला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

चौथी, वापरात नसलेले कार्ड आणि मोबाईल संदेश बंद करण्याचा अर्ज द्या. खात्यातून परस्पर जाणारे विम्याचे हप्ते कोणते, तेही विचारा. मे महिन्याच्या अखेरीस चारशे छत्तीस रुपये गेले, तर ते जीवन ज्योती विम्याचे असतात. विमा हवा असेल तर ठेवावा, पण आपण तो घेतला आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

मावशीने असाच अर्ज दिला. तिने अंगठा उमटविला, मी लिहिले. खिडकीतल्या साहेबांनी वाचला, वर पाहिले आणि आधी म्हणाले, "हे आमच्या हातात नाही." मावशी म्हणाली, "तुमच्या हातात नाही, तर मग पोच द्या, ज्याच्या हातात आहे त्याच्याकडं जाते." शिक्का बसला. बावीस दिवसांनी दोनशे छत्तीस रुपये परत आले. कार्डाचे आणि संदेशाचे आले नाहीत. त्यासाठी पुढचा अर्ज गेला आहे. ज्या बाईने उभ्या आयुष्यात मागच्या रांगेतला आवाज ऐकून जागा सोडली, ती त्या दिवशी पोच हातात पडेपर्यंत खिडकीपासून हलली नाही.

पण इगतपुरीच्या प्रत्येक मावशीला अर्ज लिहून देणारा भाचा नसतो. भंडारदऱ्याच्या किंवा वैतरणेच्या बाजूच्या पाड्यावरून घोटीला यायचे तर जाण्यायेण्याचे भाडे आणि दिवसाचा रोज जातो. दोनशे रुपये परत मिळविण्यासाठी तीनशे घालवावे लागतात. म्हणूनच वस्तीवस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी आठवड्यातला एक तास काढावा. विहाराच्या, समाजमंदिराच्या ओट्यावर बसावे, म्हाताऱ्यांची पासबुके वाचावीत, कपाती खुणा करून मांडाव्यात, आणि दहा-वीस अर्ज एकदम घेऊन बँकेत जावे. एका आजीला साहेब परत पाठवितो. वीस आज्यांना खुर्ची देतो. आणि त्याच अर्जांच्या प्रती तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत आणि आमदारांच्या दारात पोहोचवाव्यात. मागणी एकच ठेवावी: शासनाच्या कोणत्याही साहाय्य योजनेच्या रकमेतून बँकेने एक पैसाही कापू नये, असा कायम आदेश निघावा.

पगार दीड हजारांचा आहे की अडीच हजारांचा, यावर सभागृहात चर्चा होत राहील, व्हायलाच हवी. पण जो ठरला आहे, तो तरी पुरता हातात पडला पाहिजे.